सान हुआनची रात्र: आ कोरुन्याच्या वाळूवर शेकोटी, तारल्या आणि नऊ लाटा

स्पेनमध्ये शिकायला गेलेल्यांना जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एक प्रश्न पडतोच: २३ तारखेच्या रात्री जायचं कुठे? त्या रात्री अख्खा देश समुद्राकडे तोंड करून बसतो. दुसऱ्या दिवशी, २४ जूनला, बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाचा सण. स्पॅनिशमध्ये तो सान हुआन, वायव्येकडच्या गॅलिशिया प्रांतातल्या गॅलिशियन भाषेत सान शोआन, आणि आपल्या गोव्यात सांजांव. गोव्यात त्या दिवशी डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून भरलेल्या विहिरीत उड्या मारतात. गॅलिशियात उडी मारतात ती आगीवरून. सण एकच, तारीख एकच. गोव्यात पावसाने विहिरी तुडुंब असतात, गॅलिशियात वर्षातली सगळ्यात छोटी रात्र असते, एवढाच फरक. (दिवस सर्वांत मोठा २१ जूनच्या आसपास असतो. २४ ही तारीख जुन्या रोमन दिनदर्शिकेतून आली, त्यात उन्हाळ्याचा मध्य तिथे धरलेला होता.)

हा लेख स्पेनच्या वायव्य टोकावरच्या, गॅलिशियातल्याच आ कोरुन्या शहराबद्दल आहे, कारण वाळूवर स्वतःची शेकोटी पेटवून, तिच्यावर स्वतः रांधून रात्र काढण्याची रीत तिथे शहराच्या मधोमध जिवंत आहे. बार्सिलोनात तसं नाही. तिथल्या शहरी किनाऱ्यांवर शेकोटीला बंदी आहे, लोक फटाके, कोका नावाचा गोड पाव आणि कावा नावाची फेसाळ वाइन घेऊन बसतात. आलिकांतेत मोठमोठे पुतळे जाळतात, पण २४च्या रात्री. म्हणजे लाकडाचं ओझं घेऊन बार्सिलोनाला जाऊ नका, आणि आलिकांतेला २३ला पोहोचून ‘अजून कसं काही पेटलं नाही’ म्हणून थांबू नका.

सगळी कामं एका गोष्टीवर अडतात: जाळ आणि निखारा यांतला फरक. नवखे लोक जाळ पाहून हुरळतात, जाळावर मासे टाकतात, जाळावरून उडी मारतात, आणि पहाटे निखाऱ्यांवर वाळू लोटून निघून जातात. तिन्ही चुका.

जागा आणि वेळ

शहराच्या मधोमध रियाथोर आणि ओर्थान असे दोन किनारे एकमेकांना लागून आहेत, मध्ये कोराथा नावाची दगडी भिंत. रियाथोर जरा आडोशाचा. ओर्थान उघड्या अटलांटिकला तोंड देतो, म्हणून लाटा तिथे जोरदार. दहाबारा जणांच्या पहिल्यांदाच आलेल्या गटाने रियाथोर धरावा. गर्दी तिथेही असते, पण पाण्याचा स्वभाव बरा.

आ कोरुन्यात २३ जूनला सूर्य मावळतो रात्री सव्वादहाच्या सुमारास. खरा काळोख अकरानंतर. मोठ्या शेकोट्या पेटतात त्या मध्यरात्रीच्या आसपास, म्हणून सात वाजता जेवण उरकून बसलात तर बाराला पुन्हा भूक लागेल. जागा मात्र दुपारीच धरावी लागते. चारपर्यंत दोघांनी चादर टाकून बसायचं, बाकीच्यांनी सामान आणायचं.

चादर टाकण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक पाहा. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण देशावरची पोरं इथेच फसतात. अटलांटिकची भरती मोठी असते. उधाणाच्या दिवसांत या किनाऱ्यावर चढउताराचा फरक चार मीटरपर्यंत जातो. दुपारी ओहोटीला जी ऐसपैस जागा दिसते ती रात्री दोनला पाण्याखाली असू शकते, आणि तुमची चूल विझवायचं काम समुद्रच करतो. वाळूवर ओली-सुकी अशी रेघ दिसते, वाळलेल्या शेवाळाची किनार असते. चूल त्या किनारीच्या वर, निदान आठदहा पावलं. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून मित्राने मागच्या आठवड्यात सांगितलेली वेळ धरू नका.

दरवर्षी पालिका त्या रात्रीचे नियम एका जाहीरनाम्यात छापते. त्याला बांदो म्हणतात. कुठल्या किनाऱ्यावर शेकोटी, किती वाजल्यापासून, काय जाळायचं नाही, वाळू किती वाजता रिकामी करायची, सगळं त्यात असतं. तो त्याच वर्षीचा वाचा. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे त्या रात्री किनारेच बंद ठेवले होते, तेव्हा ‘गेल्या वर्षी चाललं होतं’ हा युक्तिवाद पोलिसांपुढे टिकत नाही. काचेच्या बाटल्या वाळूवर आणूच नका. पेयं प्लॅस्टिकच्या बाटलीत किंवा डब्यात ओतून न्या. रात्री अनवाणी हजारो लोक फिरतात, फुटलेली काच कुणालाच दिसत नाही.

बाहेरून येणाऱ्यांनी राहण्याची सोय एप्रिलमध्येच करावी. २०१५ मध्ये या उत्सवाला आंतरराष्ट्रीय पर्यटन-महत्त्वाचा दर्जा मिळाला, तेव्हापासून जूनमध्ये खोली शोधणं म्हणजे गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट शोधणं. सान्तियागो दे कोम्पोस्तेलाला शिकणाऱ्यांना रेल्वेने अर्धा तास लागतो, पण मध्यरात्री परतीची गाडी मिळेलच असं नाही. पहाटेची पहिली गाडी गृहीत धरा आणि रात्रभर जागण्याची तयारी ठेवा.

लाकूड

दहा जणांना रात्री साडेदहापासून पहाटे चारपर्यंत पुरायला ३५ ते ४० किलो लाकूड लागतं. त्यातलं दहा-बारा किलो रांधण्याच्या चुलीला, दोनतीन किलो बारीक काटक्या आणि चिपा पेटवणीला, बाकीचं मोठ्या शेकोटीला. लाकडाऐवजी निखारे तयार मिळावेत असं वाटत असेल तर स्वयंपाकापुरता तीन किलो कोळसा न्या. पहिल्या वर्षी तेच शहाणपणाचं.

ओक, तिकडे त्याला कार्बायो म्हणतात, सगळ्यात चांगला: हळू जळतो, निखारा टिकतो. निलगिरी गॅलिशियात मुबलक आहे. ती भडकते, उष्णताही देते, पण ठिणग्या उडवते. पाइन पेटवणीला उत्तम, स्वयंपाकाला वाईट, कारण त्याच्या डिंकाचा काळा धूर माशांवर बसतो. सगळ्यात सोपं मिळतं ते सामान वाहण्याच्या फळकुटांच्या पॅलेटचं लाकूड. त्यावर ठसा पाहा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया, हात लावू नका. रंगवलेलं पॅलेट, भुश्याच्या पाट्या, सनमायका लावलेलं जुनं कपाट, गादी, काहीही आगीत जाता कामा नये. त्यातल्या गोंदाचा आणि रंगाचा धूर नाकातोंडात जातो, आणि शेजारच्या वीस जणांच्याही.

पॅलेटच्या लाकडात खिळे असतात. लाकूड राख होतं, खिळे वाळूतच राहतात. म्हणून पॅलेट घरीच मोडून खिळे काढा, नाहीतर ते फक्त शेकोटीत वापरा आणि शेवटी एक लोहचुंबक फिरवा. लाकूड वाहून न्यायला भाजीच्या दुचाकी ट्रॉल्या मागून घ्या. पालिकेने त्या वर्षी लाकूडवाटपाची ठिकाणं जाहीर केली असतील तर तिथून घेणं सर्वांत सोयीचं.

चूल

दोन आगी पेटवा. एक स्वयंपाकाची, एक उडीची. एकच मोठी पेटवली की भुकेलेले आणि उडी मारणारे एकमेकांच्या पायात येतात.

स्वयंपाकाच्या चुलीसाठी हातभर रुंद, वीतभर खोल खळगा करा. दोन्ही बाजूंना विटा ठेवा, चार पुरतात, आणि त्यांवर जाळी, निखाऱ्यांपासून साधारण दहा सेंटिमीटर वर. विटा घरून आणा. किनाऱ्यावरचे दगड वापरू नका: त्यांच्यात पाणी मुरलेलं असतं, तापल्यावर वाफ होऊन दगड तडकतो आणि तुकडे उडतात. दोन आगींमध्ये किमान तीन मीटर अंतर, शेजाऱ्यांच्या चादरीपासूनही तेवढंच. वारा कुठून येतो ते पाहून बसायची बाजू ठरवा आणि पिशव्या वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवा.

पेटवायला वर्तमानपत्र, चिपा, मग बोटाएवढ्या काटक्या, मग लाकूड. पेट्रोल, स्पिरिट, दारू, काही ओतायचं नाही. ओतणाऱ्या हाताकडे ज्वाळ उलटी चढते. हाताशी पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवा, आधी. आग लागल्यावर समुद्राकडे धावणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

स्वयंपाकाची चूल साडेदहाला पेटवली तर सव्वाअकराला निखारे तयार होतात. ओळखायचं कसं? ज्वाळा बसलेल्या असतात, निखाऱ्यावर राखाडी साय धरते आणि जाळीच्या उंचीवर हात तीनचार सेकंदच ठेववतो. तेवढा ठेववत नसेल तर थांबा. दहा सेकंद ठेववला तर कोळसा वाढवा.

तारल्या

गॅलिशियन म्हण आहे की सान शोआनच्या वेळी सार्दिनाने पाव भिजतो. सार्दिना म्हणजे आपली तारली, किंवा तिची अटलांटिकमधली बहीण. जूनमध्ये ती चरबीने इतकी भरते की भाजताना तेल ठिबकतं, ते पावावर घेतात. मक्याचा जाड पाव मिळतो, पान दे मिय्यो. तोच घ्या. मऊ पाव लगेच विरघळतो.

माणशी सहा तारल्या, म्हणजे अर्धा किलो धरा. दहा जणांना पाच किलो. प्लाथा दे लुगोच्या बाजारात किंवा सान अगुस्तीनच्या मंडईत २३च्या सकाळी लवकर जा. सणाआधी भाव चढतात आणि दुपारपर्यंत चांगला माल संपतो. २३ तारीख सोमवारी आली तर रविवारी होड्या सहसा जात नाहीत, ताजा मासा कमी असतो. तेव्हा शनिवारीच विचारून ठेवा. डोळा फुगीर व चकचकीत, पोट घट्ट, कल्ले लाल. पोट फुटलेली तारली जाळीवर चुरा होते.

सोलायचं नाही, खवलं काढायची नाहीत, पोट साफ करायचं नाही. हे ऐकून मालवणकर नाक मुरडतील. पण खवलं आणि कातडी मिळून आतल्या मांसाचं रक्षण करतात, आणि खाताना कातडी बोटाने सुटून येते, आतडं बाजूला राहतं. भाजण्याआधी तासभर जाड मीठ, साल गोर्दा, भरपूर पसरून लावा. तोवर तारल्या बर्फाच्या पेटीतच. हा मासा उन्हात दोन तास राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवल्यानेही जात नाही, आणि मग रात्रभर अंगावर गांधी आणि डोकेदुखी.

जाळी आधी पाच मिनिटं तापवा, मग अर्धा कांदा तेलात बुडवून तिच्यावर घासा. मासा जाळीला चिकटतो तो जाळी थंड असते म्हणून. दुहेरी, मिटणारी जाळी असेल तर सगळ्या तारल्या एकदम उलटतात. एका बाजूला तीन मिनिटं, दुसऱ्या बाजूला दोन ते तीन. एकदाच उलटा. ठिबकणाऱ्या तेलाने ज्वाळा उठली की जाळी उचला, बसली की ठेवा. पाणी मारू नका, राख उडून माशांवर बसते.

सोबत काचेलोस: सालीसकट, तमालपत्र आणि मीठ घातलेल्या पाण्यात उकडलेले बटाटे. माणशी ३०० ग्रॅम. ते घरी उकडून पंचात गुंडाळून न्या.

शाकाहारी मंडळींना उरलेल्या बटाट्यांवर बसवू नका. त्यांच्यासाठी वेगळी जाळी, वेगळा चिमटा, वेगळा तवा, आणि तवा आधी तापवायचा. पाद्रोनच्या छोट्या हिरव्या मिरच्या तेल लावून तव्यावर चार मिनिटं परता, वर जाड मीठ. त्यातल्या बहुतेक गोड निघतात, एखादी झणझणीत, आणि ती कोणाच्या वाट्याला येते यावर तिथे पैजा लागतात. पण या चुलीला खरा शोभतो तो आपला पदार्थ: वांग्याचं भरीत. तिकडची वांगी मोठी असतात. चारशे ग्रॅमचं वांगं सुरीने टोचून थेट निखाऱ्यांत वीस-पंचवीस मिनिटं, फिरवत. दोघांत एक. दाण्याचं कूट, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मीठ डब्यातून न्या, मळायला वाडगा न्या. शेजारच्या गॅलिशियन टोळीला वास गेला की दोन तारल्यांच्या बदल्यात भरीत मागायला येतात. थोडं जास्तच करा.

डुकराच्या फासळ्यांचं चुर्रास्कोही सगळीकडे भाजतात. कुणी ताट पुढे केलं आणि खायचं नसेल तर ‘कशाचं आहे’ एवढं विचारून घ्यावं, त्यात कुणाला राग येत नाही.

उडी

मध्यरात्री मोठी शेकोटी. उडी तिच्यावरून मारतात, पण ती उंच जळत असताना नाही. ज्वाळा गुडघ्याखाली येईपर्यंत थांबायचं. उड्यांचा आकडा विषम: काही तीन म्हणतात, काही सात, गॅलिशियात नऊचा मान मोठा. उडी मारताना म्हणायच्या ओव्यांत साप-कुत्रा चावू नये असं मागणं असतं, आणि ‘मेइगास फोरा’ अशी आरोळी, म्हणजे चेटकिणींनो, चालत्या व्हा.

सगळ्यांनी एकाच दिशेने उडी मारा आणि वळसा घालून परत या. समोरासमोरून येणाऱ्या दोघांची हवेत टक्कर होऊन दोघंही आगीत पडतात, आणि त्या रात्री भाजण्याचं हे एक नेहमीचं कारण. एका वेळी एकच, किंवा हात धरून दोघं, पण तिघं नकोत. अंगात सुती कपडे, शक्यतो जीन्स. नायलॉनचं जाकीट, ओढणी, सैल कुडता बाजूला ठेवा, कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. केस बांधा. पायात बंद बूट. दारू घेतलेल्याने उडी मारू नये, हे सांगणारा एक शुद्धीतला माणूस आधीच नेमलेला असावा.

भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली. हळद, टूथपेस्ट, बर्फ, काही नाही. फोड फोडू नये. तळहाताएवढं किंवा तोंडा-हातावर भाजलं असेल तर किनाऱ्यावरच्या मदतकेंद्राकडे, नाहीतर ११२.

नऊ लाटा

उडीनंतर लोक पाण्यात जाऊन नऊ लाटांवरून उड्या मारतात. इथे मात्र हात आखडता घ्या. जूनमध्ये या समुद्राचं पाणी १५-१६ अंशांचं असतं. गोव्याच्या पाण्याची सवय असलेल्या माणसाचा श्वास क्षणभर अडकतो. घोट्यापर्यंतच जा, फार तर गुडघ्यापर्यंत. लाटा पाठमोऱ्या घेण्याची रीत काही ठिकाणी आहे, तुम्ही समुद्राकडे तोंड करूनच घ्या. ओर्थानवर तळ एकदम उतरतो आणि परतणारं पाणी पाय खालून काढतं. २७ जानेवारी २०१२ च्या पहाटे याच ओर्थानवर स्लोवाकियाहून शिकायला आलेला एक विद्यार्थी पाण्यात ओढला गेला. त्याला वाचवायला उतरलेले तीन पोलीसही बुडाले. तो हिवाळा होता, समुद्र खवळलेला होता, हे खरं. पण रात्र होती आणि विद्यार्थी परका होता, ह्या दोन गोष्टी तुम्हालाही लागू आहेत. जोडीने जा, काठावर एकाने विजेरी घेऊन उभं राहा, आणि लाल बावटा असेल तर लाटा पुढच्या वर्षी.

बाहेर आल्यावर टॉवेल, कोरडे मोजे, लोकरीचा स्वेटर. पहाटे तापमान १३-१४ अंशांवर येतं आणि ओली जीन्स वाऱ्यात फार छळते.

गर्दीत फोन लागत नाही. चुकल्यास भेटायची जागा आधी ठरवा: सर्फर्सचं कारंजं सगळ्यांना ठाऊक आहे. निवासी ओळखपत्र अंगावरच्या बंद खिशात, पासपोर्ट खोलीवर.

विझवणं

बहुतेक गट इथेच कच खातात, कारण सगळे दमलेले असतात. चारच्या सुमाराला नवीन लाकूड बंद. मग आगीवर वाळू लोटायची नाही. वाळू उष्णता धरून ठेवते, वरून गार दिसते, आत निखारा कित्येक तास जिवंत राहतो, आणि सकाळी अनवाणी चालणारं पोर त्यावर पाय देतं. समुद्राचं पाणी हळूहळू ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. चार-पाच बादल्या लागतात. वाफ थांबल्यावर तळहाताची पाठ जवळ नेऊन पाहा. ऊब लागली तर आणखी एक बादली. गार राख उघडीच ठेवा, पुरू नका, म्हणजे सफाईच्या यंत्रांना दिसते. विटा, जाळी, खिळे, डबे उचला.

पानांचं पाणी

हे काम खरं २३च्या संध्याकाळी घरून निघण्याआधीचं, पण फळ मिळतं २४च्या सकाळी. मंडईबाहेर बायका सान शोआनच्या औषधी पानांच्या जुड्या विकतात: बडीशेपेचा पाला, रोजमेरी, लिंबाच्या वासाची एर्बा लुइसा, माल्वा, नेचा, पिवळी शेस्ता आणि सान शोआनचीच म्हणून ओळखली जाणारी पिवळ्या फुलांची इपेरिको. घरोघर यादी थोडी बदलते. जुडी तसराळ्यात पाण्यात घालून खिडकीबाहेर किंवा गच्चीत, दव पडेल अशी ठेवायची आणि सकाळी त्याने तोंड धुवायचं.

जुडी विकतच घ्या. रानात त्याच दिवसांत जांभळ्या घंटांची डिजिटालिस फुललेली असते, ती दिसायला सुरेख आणि हृदयाला विष. पाणी पिऊ नका, कुठलीही जुडी असो. इपेरिको काही गोळ्यांशी भांडते, आणि तिचा रस लागलेली कातडी उन्हात लाल होऊ शकते, म्हणून तोंड धुतल्यावर साध्या पाण्याने पुन्हा धुवा. केसांतला तारल्यांचा धूर मात्र या पाण्याने जात नाही. त्याला दोनदा शाम्पू लागतो.